जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडते: एअर, डिझेल की वायर?

गाडी बंद पडली, डिझेलचा हातपंप मारला, लाइनमधली एअर काढली, सेल मारला, चालू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग डिझेल फिल्टर बदलला जातो, नंतर फीड पंप, नंतर नोझल आणि शेवटी अख्खा डिझेल पंप दुकानात जातो. एवढा खर्च होऊनही गाडी भर घाटात थांबायची ती थांबतेच. बहुतेक वेळा दोष निघतो एखाद्या तांब्याच्या वायसरमध्ये, पाइपात नाहीतर टाकीच्या झाकणात. एअर काढल्यावर गाडी चालू होते म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये काहीतरी गडबड आहे, एवढंच कळतं. हवा कुठून शिरते किंवा डिझेल कुठे अडतं, हे शोधायचं काम बाकीच असतं.

इथे विषय आहे तो मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जुन्या पिकअपचा: २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाची बोलेरो पिकअप, २९५६ सीसीची टाटा २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्या. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने नोझल चालवणाऱ्या इंजिनाचं शेवटी थोडक्यात येईल, त्याची तऱ्हाच वेगळी.

आधी पंप कोणता ते बघा

बॉनेट उघडून नोझलकडे जाणारे चार जाड लोखंडी पाइप पंपाकडून कुठून निघतात ते बघा. चारही एका ओळीत निघत असतील तर लाइन पंप. पंपाच्या मागच्या तोंडावर गोलाकार निघत असतील तर रोटरी. दोन्ही पंपांना गॅरेजात सर्रास ‘मायको’ म्हणतात. १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी तोंडातलं नाव काही बदललं नाही.

हा फरक तीन कारणांनी महत्त्वाचा.

रोटरी पंपाच्या आतले सगळे भाग डिझेलवरच वंगण घेतात. लाइन पंपाच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं. त्यामुळे पाणी किंवा रॉकेल मिसळलेल्या डिझेलने रोटरी पंप लवकर मरतो, लाइन पंप जास्त सोसतो.

रोटरी पंपावर साधारणपणे एक तार लावलेला सोलेनॉइड (विजेवर उघडणारी डिझेलची झडप) असतो. त्याला १२ व्होल्ट मिळत असतील तरच डिझेल आत जातं. तार सुटली की इंजिन बंद. लाइन पंपावर बऱ्याचदा ओढायची स्टॉप केबल असते, किंवा उलट चालीचा सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की इंजिन बंद करणारा. तिथे तार सुटली तर इंजिन बंद पडत नाही, उलट चावी फिरवूनही बंद होत नाही.

तिसरी गोष्ट ओढण्याची. लाइन पंपाच्या अंगावर फीड पंप असतो. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि पुढे फिल्टरकडे दाबाने ढकलतो. काही रोटरी गाड्यांना वेगळा फीड पंपच नसतो, डिझेल पंपच टाकीपासून सगळं ओढून घेतो. म्हणजे टाकी ते पंप ही अख्खी लाइन ओढीखाली असते, मधला फिल्टरसुद्धा. दाबाच्या बाजूला गळती असली की डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं, धूळ चिकटते. ओढीच्या बाजूला गळती असली की हवा आत जाते आणि बाहेर सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून ‘कुठंच लीक नाही’ हे वाक्य ऐकलं की समाधान मानू नका. ओढीच्या बाजूची गळती दिसत नाहीच.

बंद पडली कशी, यात अर्धं उत्तर

ड्रायव्हरला पहिला प्रश्न हा विचारा. ‘बंद पडली’ एवढ्यावर सोडू नका.

चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, आधी ना गचके ना धूर: वायरिंग किंवा सोलेनॉइड. चालत्या गाडीत क्षणभर करंट गेला तर एक झटका बसतो आणि चाकांच्या जोरावर इंजिन पुन्हा पकडतं. तोच झटका न्यूट्रलमध्ये आला की गाडी बंद. असे एकेकटे झटके येत असतील तर फिल्टर उघडायच्या आधी वायर बघा.

आधी गाडीची ओढ कमी झाली, रेस वरखाली व्हायला लागली, पाय दाबला तरी वेग चढेना आणि मग विझली: डिझेल पोचत नाही किंवा हवा जाते. सगळ्यात जास्त गाड्या याच खात्यात येतात.

फक्त स्लोवर (पाय न दाबता इंजिन चालू असताना), सिग्नलला किंवा क्लच दाबल्यावर बंद पडते: स्लो कमी सेट आहे, थोडी हवा जाते आहे किंवा इंजिनाचाच काही दोष. क्लचचं पुढे येतं.

अर्धा-पाऊण तास नीट चालते, मग मरते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू: टाकीचा श्वास बंद झाला आहे, टाकीतला कचरा ओढनळीला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीला) चिकटतो आहे किंवा रोटरी पंप आतून झिजला आहे.

टाकी पाव भरलेली असताना चढावरच बंद पडते: ओढनळीला चीर गेली आहे किंवा ती तळापर्यंत पोचत नाही.

इंजिन जड होत गेलं, कुणी ब्रेक लावल्यासारखं, आणि तापमानाचा काटा वर: इथे डिझेलचा संबंध नाही, इंजिन तापलं आहे. पुन्हा सेल मारू नका. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. पूर्ण गार होऊ द्या आणि पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरतं का बघा. अडकत असेल तर टोइंग करूनच न्या.

बंद पडल्यावर सेल मारताना एकाने सायलेन्सरकडे बघायचं. अजिबात धूर नाही म्हणजे नोझलपर्यंत डिझेल जात नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही म्हणजे डिझेल जातं, नीट जळत नाही: अर्धवट हवा, पाणी किंवा कमी कॉम्प्रेशन. बंद पडायच्या आधी काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा. ऑइल बाथ (तळाशी तेल असलेल्या) एअर फिल्टरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरलं तरी श्वास कोंडतो.

रस्त्यावर सांभाळायचं म्हणजे, इंजिन गेलं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळणं थांबतं. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. म्हणून पाय पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. खंबाटकी किंवा कसारा घाटात माल भरून थांबलात तर हँडब्रेकवर विसंबू नका. चाकामागे दगड लावा आणि निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्या दगडावर जातो.

पहिली तपासणी: वायर

रोटरी पंप आणि एकदम बंद पडण्याची तक्रार असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. चावी ऑन करा, सोलेनॉइडची तार काढून पुन्हा टेकवा. प्रत्येक वेळी ‘टक’ आवाज यायला हवा. आवाज नसेल तर तारेवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागतो पण टक नाही, म्हणजे सोलेनॉइड गेला. दिवाच लागत नाही, म्हणजे मागे फ्यूज, चावीचा स्विच किंवा मधली वायर.

टक आवाज आला म्हणून मोकळं होऊ नका, दोष अधूनमधूनचा आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवा आणि सोलेनॉइडच्या तारेपासून मागे हात फिरवत वायर हलवत जा. बॉडीतून वायर जिथे भोकातून आत येते तिथला रबर ग्रॉमेट निघालेला असतो आणि पत्र्याने वायरचं आवरण खाल्लेलं असतं. मग चावी हलवा. एकाच जुडग्यात गोदामाच्या आणि घराच्या किल्ल्या अडकवलेल्या असतात, त्यांच्या वजनाने स्विच आतून ढिला होतो. चावीला हिसका दिल्यावर इंजिन थरथरलं तर स्विच बदला. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टीही याच वेळी घासून घट्ट करा.

खात्री करायची असेल तर बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज घातलेली एक वेगळी वायर थेट सोलेनॉइडला द्या आणि नेहमीच्या रस्त्याने चालवून बघा. त्या काळात चावीने इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल, म्हणून दुसरं टोक चटकन हाताला येईल असं ठेवा. गाडी बंद पडायची थांबली तर दोष वायरिंगचाच. पण ही वायर कायमची ठेवू नका. अपघातात इंजिन चावीने बंद व्हायलाच हवं.

लाइन पंपावर स्टॉप केबल असेल तर पंपाकडच्या टोकाला स्टॉपचा खटका पूर्ण मागे येतो का बघा. केबल गंजून अर्ध्यात अडकली असेल तर डिझेल अर्धवट तुटतं, गाडीला ओढ राहत नाही आणि स्लोवर ती विझते.

दुसरी: टाकीचा श्वास

डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती वाट बंद झाली की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. गाडी बंद पडताक्षणी उतरून टाकीचं झाकण उघडा. ‘हुस्स’ करून हवा आत गेली तर दोष सापडला.

याची दोन नेहमीची कारणं. डिझेलचोरीच्या भीतीने बाजारातलं कुलपाचं झाकण बसवलेलं असतं आणि त्याला हवेचं छिद्रच नसतं. किंवा टाकीची श्वासनळी चिखलाने बुजलेली असते. कच्च्या रस्त्यावरचा चिखल असतोच, पण गाडी महिनाभर उभी राहिली तर कुंभारमाशी त्या नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते. तार घालून नळी मोकळी करा आणि टाकीकडून हवा आरपार जाते का बघा. पैसे पडत नाहीत म्हणून ही तपासणी कोणी करत नाही.

तिसरी आणि सगळ्यात कामाची: कॅन लावून चाचणी

वायर आणि झाकण ठीक निघालं की टाकीकडची बाजू आणि इंजिनाकडची बाजू वेगळी करायची. लाइनचे दोन भाग पाडल्याशिवाय पार्ट विकत घेऊ नका.

लागतं एवढंच: ५ लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळून घेतलेलं डिझेल, मूळ पाइपाच्या मापाचा डिझेलला टिकणारा दोन-अडीच मीटर पाइप, क्लिपा आणि बांधायला दोरी. मूळ पाइप बऱ्याचदा ८ मिमी आतल्या व्यासाचा असतो, तरी आपल्या गाडीचं माप घेऊनच आणा.

फीड पंपाच्या इनलेटला टाकीकडून येणारा पाइप काढून तिथे कॅनचा पाइप लावा. फीड पंप नसेल तर फिल्टरच्या इनलेटला. रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच सोडा. तो टाकीत जात राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि डिझेल संपून बंद पडलेली गाडी तुम्हाला फसवते. कॅन पंपापेक्षा उंचावर आणि घट्ट बांधा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा आणि बेल्टपासून पाइप लांब ठेवा. कॅनच्या झाकणाला छोटं छिद्र हवं, नाहीतर टाकीचा आजार कॅनलाही होईल. गाडी रिकामी ठेवा, गर्दीचा रस्ता टाळा, सोबत माणूस आणि आग विझवायचा सिलिंडर घ्या.

आता एअर काढून ज्या प्रकारच्या रस्त्यावर, जेवढ्या वेळात गाडी बंद पडायची तेवढी चालवा. बंद पडली नाही तर पंप, नोझल, फिल्टर बहुतेक निर्दोष. दोष बहुधा टाकी, ओढनळी किंवा टाकीपासून पुढे येणाऱ्या लाइनमध्ये. तरीही बंद पडली तर टाकी सोडून द्या, दोष फीड पंप, फिल्टर, डिझेल पंप किंवा इंजिनात.

कॅन उंचावर असल्याचा आणखी एक फायदा. ओढीच्या बाजूला आता डिझेल वजनाने खाली येतं, त्यामुळे जिथून हवा आत जायची तिथून डिझेल थेंबाथेंबाने बाहेर येऊ लागतं. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून, इंजिन बंद ठेवून पंधरा मिनिटांनी बोट फिरवा.

हवा डोळ्यांनी बघायची असेल तर फिल्टर आणि पंपाच्या मधल्या पाइपाच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाइप लावा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे चालतात. इंजिन तापल्यावरही बारीक बुडबुड्यांची रांग सुटत राहिली तर हवा जातेच आहे. मग तोच पाइप फिल्टरच्या आधी लावा. आधी बुडबुडे नाहीत, नंतर आहेत, म्हणजे फिल्टरच्या डोक्यातच दोष. दोन्हीकडे आहेत म्हणजे आणखी मागे जा. हा पाइप उन्हा-तापात कडक होतो, त्यामुळे काम झालं की काढायचा.

टाकीकडे दोष निघाला तर

इथे एक मोठी फसगत आहे. मेकॅनिक लाइनमध्ये टाकीच्या दिशेने कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि गाडी मस्त चालते. आठवड्याने पुन्हा बंद. लाइन साफ झालेली नसते. ओढनळीच्या तोंडाशी चिकटलेला कचरा फक्त मागे टाकीत ढकलला गेला आणि फिरून परत आला. हवा मारून बरी होणारी आणि परत बिघडणारी गाडी म्हणजे टाकीत कचरा, यात शंका ठेवू नका. टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करून धुवा, आतला गंज आणि तळाचा काळा चिकट गाळ काढा. हा गाळ पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. पाणी काढलं नाही तर तो पुन्हा धरतो. फाटलेल्या प्लास्टिक पिशवीचा तुकडा, गाळायच्या फडक्याचे धागे, बाटलीच्या झाकणाची चकती हेही टाकीत सापडतं. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते अनुभवी माणसाकडेच, टाकी वाफेने धुऊन. आत राहिलेली डिझेलची वाफ स्फोटासारखी पेट घेते.

ओढनळी बाहेर काढली की तिच्या डोक्याकडचा जोड बघा. तिथे केसासारखी चीर असली तर टाकी भरलेली असताना गाडी चालते आणि डिझेल त्या चिरेच्या खाली गेलं की हवा ओढते. ‘अर्ध्या टाकीनंतर त्रास’ ही तक्रार बहुतेक इथलीच.

मग रबरी पाइप. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना पाइप आतून सोललेला असतो. आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की आत मिटतो. स्लोवर ठीक, रेस दिली की उपासमार. म्हणून दहा-बारा वर्षं जुना पाइप तपासत बसण्यापेक्षा सगळे रबरी तुकडे एकदम बदलणं स्वस्त पडतं. डिझेलसाठीचाच पाइप घ्या, पाण्याचा नको. क्लिप गोल आवळणारी हवी. तारेचा पीळ एका बाजूने पाइप कापतो आणि दुसऱ्या बाजूने फट ठेवतो.

इंजिनाकडे दोष निघाला तर

सुरुवात जाळीपासून करा. बऱ्याच फीड पंपांवर इनलेटच्या बँजो बोल्टच्या (ज्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टच्या) पोटात किंवा छोट्या वाटीत बारीक जाळी असते. फिल्टर पाच वेळा बदलला गेला तरी ही जाळी वर्षानुवर्षं कोणी उघडलेली नसते. ती काढून डिझेलमध्ये ब्रशने धुवा.

हातपंपाची मूठ दाबून फिरवून बसवायची असेल तर ती पूर्ण बसली आहे का बघा. मूठ ढिली राहिली किंवा तिची आतली रिंग झिजली की तिथूनच हवा जाते. फीड पंप बघायचा असेल तर त्याचा आउटलेट काढून बाटलीत सोडा आणि दहा सेकंद सेल मारा. डिझेल जोरात, ठोक्याठोक्याने यायला हवं. रडत रडत आलं तर आतले व्हॉल्व्ह, स्प्रिंग किंवा डायफ्राम गेला. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरत असू शकतं. अशी गाडी ऑइल बदलून दोष काढेपर्यंत चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात.

जोड फिल्टर असेल तर पहिल्या वाटीत कापडी आणि दुसरीत कागदी फिल्टर असतो. बदलताना जुनी रबरी रिंग वर खाचेत चिकटून राहते, तिच्यावर नवी बसवली जाते आणि नव्या फिल्टरपासूनच हवा जायला लागते. ‘सर्व्हिसिंगनंतर त्रास सुरू झाला’ असं कोणी म्हटलं की आधी या दोन रिंगा शोधा. दुसरी चूक म्हणजे नवा फिल्टर लवकर भरावा म्हणून न गाळलेलं डिझेल थेट मधल्या भोकातून ओतणं. तो गाळलेल्या डिझेलचा मार्ग आहे, तिथला कचरा सरळ पंपात जातो.

बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. एकदा दाबलेला वायसर कडक होतो आणि पुन्हा नीट बसत नाही. नवे लावा. गावात मिळाले नाहीत तर जुना वायसर ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवून गार करा, तांबं मऊ होतं, आणि वरची काजळी घासून तो बसवा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे धागे पंपात जातात. बोल्ट फार आवळला की पंपाच्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि मग साधा वायसरचा दोष हजारोंवर जातो.

रोटरी पंपावर एक चोर जागा आहे. रिटर्नच्या बँजो बोल्टवर ‘आउट’ असं कोरलेलं असतं आणि त्याचं छिद्र अगदी बारीक असतं. पंपाच्या आतला दाब त्या छिद्रावर टिकतो. इनलेटचा मोठ्या छिद्राचा बोल्ट बाहेरून तसाच दिसतो. खोललेलं काम बसवताना दोन्हींची अदलाबदल झाली की आतला दाब पडतो, गाडी चालू होते पण ओढत नाही, कधी मध्येच बंद पडते. पंप दुकानात न्यायच्या आधी हे दोन बोल्ट बघून घ्या.

पाणी

फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड, ते खाली वेगळं बसतं आणि सीमारेषा स्पष्ट दिसते. बाटली काळी असेल तर काहीच कळत नाही, काच किंवा पारदर्शक प्लास्टिकच हवं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा. शेतावर ड्रममध्ये डिझेल ठेवत असाल तर ड्रम थोडा तिरका ठेवा आणि तळाचं डिझेल गाडीत घेऊ नका. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या बुचाभोवती पावसाचं पाणी साचतं आणि रात्री ड्रम गार होऊन आत ओढ बसली की ते आत जातं.

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधक कमी, म्हणजे वंगण कमी, म्हणून टाकीत टू-टी ऑइल ओता, असा सल्ला फिरतो. गंधक काढताना गेलेलं वंगण रिफायनरीत रसायन घालून भरून काढलेलं असतं. जुन्या पंपाला खरा धोका पाण्याचा आणि रॉकेलच्या भेसळीचा आहे.

एअर काढण्याचा क्रम

दोष दुरुस्त झाल्यावरच, आणि टाकीकडून इंजिनाकडे या क्रमाने. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू अर्धा-एक फेरा ढिला करा आणि हातपंप मारा. फेस येईल, मग अखंड धार येईल. हातपंप दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा, सोडल्यावर बंद केला तर हवा परत आत जाते. जोड फिल्टरला दुसराही स्क्रू असतो. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी दोन नोझलच्या पाइपांचे नट एक फेरा ढिले करून सेल मारा. डिझेल उडायला लागलं की नट आवळा. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळतो.

ढिल्या नटाजवळ किंवा नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हात सडतो. असं झालं तर लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा, ‘दुखत नाही’ म्हणून थांबू नका.

डिझेल ठीक, तरी स्लोवर बंद

या इंजिनांचा स्लो साधारण ७५० ते ८५० आरपीएमच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. हवा जात असताना स्लो वाढवून गाडी चालू ठेवू नका, दोष झाकला जातो आणि घाटात उघडा पडतो.

क्लच दाबला की रेस पडते आणि गाडी विझते, ही तक्रार वेगळी. एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली बाजूने बघा. क्लचसरशी पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वायसर झिजले आहेत. तिथे मोकळीक मिलिमीटरच्या अंशातच असायला हवी. हे दुर्लक्षित ठेवलं तर क्रँक ब्लॉकलाच खाते आणि मग इंजिन उतरवण्याशिवाय वाट राहत नाही.

गरम झाल्यावरच स्लोवर बंद पडत असेल तर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट तपासा. फट फार कमी ठेवली असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन जातं.

रोटरी पंप झिजलाय का

गार असताना गाडी एका सेलात चालू होते, तापल्यावर बंद पडली की कितीही सेल मारा, धूर नाही; अर्ध्या तासाने पुन्हा एका सेलात. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या आतल्या आतच निसटतं, नोझलपर्यंत दाब पोचत नाही. खात्रीसाठी, गरम असताना बंद पडल्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं फक्त पंपाच्या डोक्यावर पाच मिनिटं ठेवा. बादली ओतू नका, तापलेला पंप एकदम गार झाला तर खराब होऊ शकतो, आणि सोलेनॉइडच्या तारेवर पाणी जाऊ देऊ नका. त्यानंतर लगेच चालू झाली तर हेड-रोटर (पंपातला दाब तयार करणारा भाग) झिजला आहे. मात्र सोलेनॉइडही कधी कधी तापूनच काम सोडतो, म्हणून फडकं ठेवण्याआधी टक आवाज येतो का, ते बघून घ्या.

पंप कॅलिब्रेशनच्या दुकानात देताना ‘बंद पडते’ एवढंच न सांगता कॅन लावून चालवली, बुडबुडे नाहीत, सोलेनॉइडला १२ व्होल्ट आहेत, गरम असताना फडक्याने चालू होते, असं सांगा. उतरवण्याआधी पंप आणि इंजिनावरची टायमिंगची खूण जुळवून फोटो काढा. जुने काढलेले पार्ट परत मागा आणि टेस्ट बेंचवरचे आकडे लिहून घ्या.

गाडी कॉमन रेल असेल तर

वरची टाकी, झाकण, पाइप, पाणी आणि फिल्टरची तपासणी तशीच लागू. पण नोझलचे पाइप ढिले करून एअर काढायला जाऊ नका, तिथे हजार बारच्या वर दाब असतो. तिथे एकदम बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तापल्यावर सिग्नल सोडणारा क्रँक सेन्सर किंवा त्याचा ढिला जोड. सेल मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दाखवत असेल तर सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर बघा. आरपीएम दिसतो पण रेल प्रेशर चढत नाही, तर पुन्हा डिझेलच्या बाजूला या आणि फिल्टरपासून सुरू करा.